छोट्या, अंतर्भागातील शहरात स्थायिक होण्यापूर्वी काय तोलावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळिशीतले एक जोडपे सध्या समुद्रकाठच्या मोठ्या शहरात राहते. पतीचे काम पूर्णपणे घरून चालणारे आहे, पत्नी वैद्यकीय प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. घरात आठ आणि तेरा वर्षांची दोन मुले आहेत आणि सत्तरी ओलांडलेली, रक्तदाबाची औषधे घेणारी आई आहे. समुद्रापासून बरेच आत असलेले, सुमारे २५ हजार वस्तीचे एक शहर त्यांच्या मनात भरले आहे. तिथून सर्वांत जवळचे मोठे शहर रस्त्याने अडीच तासांवर आहे. अशा ठिकाणी कायमचे राहायला जाण्याचे फायदे-तोटे मांडून द्यावेत, अशी त्यांची विनंती आहे. प्रादेशिक नियोजनाच्या क्षेत्रात काम करताना लहान शहरांचे आराखडे करणे आणि तिथे आलेल्या-गेलेल्या कुटुंबांशी बोलणे हा माझ्या कामाचाच भाग राहिला आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

फायद्यांचा एक रकाना आणि तोट्यांचा दुसरा, अशी यादी मी मुद्दामच करत नाही. अशा यादीत दोन्ही बाजूंना सारख्याच ओळी भरतात आणि निर्णय होता तिथेच राहतो. खरी अडचण अशी आहे की या दोन बाजू एकाच वेळापत्रकाने चालत नाहीत. छोट्या शहराचे फायदे रोजचे असतात आणि थोडेथोडे मिळतात : प्रवासात न गेलेला वेळ, शांत रात्र, मोठे घर, पायी गाठता येणारी शाळा. तोटे मात्र क्वचित येतात आणि येतात तेव्हा एकदम येतात : मध्यरात्रीचे आजारपण, अचानक गेलेली नोकरी, मुलाला न मानवणारा एकुलता एक शिक्षक, विकायला काढलेले आणि वर्षभर न विकलेले घर. जो माणूस आठवडाभर राहून परत येतो त्याला फक्त पहिला गट दिसतो. दुसऱ्या गटातल्या बहुतेक गोष्टींचे मूळ एकच असते. छोट्या शहरात जवळपास सगळे काही असते, परंतु ते एकेकच असते. म्हणून तिथे काय मिळते यापेक्षा, जे मिळते ते बंद पडले तर दुसरे काय आहे आणि ते किती वेळात गाठता येते, हा प्रश्न मी आधी विचारतो.

शहर किती छोटे आहे हे लोकसंख्येवरून ठरवण्याची सवय आपल्याला असते, पण ती फसवी आहे. जर्मन भूगोलवेत्ते वॉल्टर ख्रिस्टालर यांनी १९३३ साली दक्षिण जर्मनीतील वस्त्यांचा अभ्यास करून मध्यवर्ती स्थानांचा जो सिद्धान्त मांडला, त्याचा गाभा आजही उपयोगी पडतो. प्रत्येक सेवेला तगून राहण्यासाठी किमान काही ग्राहक लागतात, आणि प्रत्येक सेवेसाठी लोक किती अंतर जायला तयार असतात याची एक मर्यादा असते. किराणा, साधा दवाखाना, प्राथमिक शाळा यांना थोडे ग्राहक पुरतात, त्यामुळे त्या सर्वत्र असतात. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा श्रवणदोष असलेल्या मुलांची शाळा यांना लाखोंची वस्ती लागते. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच हे वेगळ्या शब्दांत सांगून ठेवले होते : श्रमविभागणी बाजारपेठेच्या विस्तारावर अवलंबून असते, आणि काही कामे अशी असतात की ती केवळ मोठ्या शहरातच चालू शकतात. त्याच प्रकरणात त्यांनी जलमार्गाजवळच्या प्रदेशांत व्यवसाय आधी का बहरतात आणि अंतर्भाग मागे का राहतो, याचीही चर्चा केली आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, मनात भरलेले शहर कशाचे केंद्र आहे हे आधी पाहावे. ज्या २५ हजारांच्या शहरावर आजूबाजूची लाखभर ग्रामीण वस्ती अवलंबून असते, जिथे प्रशासकीय मुख्यालय, न्यायालय आणि सरकारी रुग्णालय असते, तिथे स्वतःच्या आकाराच्या मानाने खूपच जास्त सेवा असतात. त्याच लोकसंख्येचे पण मोठ्या शहरापासून अर्ध्या तासावर असलेले शहर बहुधा रिकामे-रिकामे वाटते, कारण तिथले लोक खरेदीला, शिक्षणाला आणि उपचारांना मोठ्या शहरातच जातात. मात्र या दुसऱ्या शहराच्या दुबळेपणामागे एक बळही दडलेले असते, ते असे की अर्ध्या तासावर सर्व काही आहे. सर्वांत अवघड अवस्था तिसरी : मोठ्या शहरापासून दूर आणि स्वतःही कशाचेच केंद्र नसलेले शहर. अडीच तासांचे अंतर ऐकल्यावर माझी पहिली शंका हीच होती की हे शहर या तिघांपैकी कुठल्या गटात मोडते.

अंतर मोजायचे ते किलोमीटरमध्ये नव्हे, वेळेत, आणि तेही नेमक्या कामासाठी. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये, याकोव झहावी यांच्या आधीच्या कामाचा आधार घेऊन, एक निरीक्षण मांडले की माणसे सरासरीने दिवसाला सुमारे एक तास प्रवासाला देतात. वाहन वेगवान झाले की वेळ वाचत नाही, घर आणि काम यांतले अंतर वाढते. मोठ्या शहरात हा तास सहज दोन-अडीच तासांवर जातो. छोट्या शहरात तो वीस मिनिटांवर येतो आणि हा फायदा मी अजिबात किरकोळ मानत नाही, कारण तो वर्षभर, दररोज, घरातल्या प्रत्येकाला मिळतो. पण त्याच कुटुंबाला वर्षातून काही वेळा पाच-पाच तासांचा जाऊन-येऊन प्रवास करावा लागतो : तज्ज्ञ डॉक्टर, परीक्षा केंद्र, परदेशप्रवासाची कागदपत्रे, विमानतळ. गेल्या वर्षी अशी कामे किती निघाली होती ते जुन्या नोंदी पाहून लिहून काढावे. बहुतेकांच्या बाबतीत हिशेब छोट्या शहराच्या बाजूनेच लागतो. घरात दीर्घ आजाराचा रुग्ण असेल, तर मात्र तो झपाट्याने उलटतो.

आता वैद्यकीय बाजूकडे येतो, कारण या प्रश्नात आई आहे आणि तिला रक्तदाब आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाल्यास ती विरघळवण्याचे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके बरे. ते देण्यापूर्वी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते, कारण रक्तस्रावात तेच औषध जीवघेणे ठरते. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात, निदान झाल्यापासून सुमारे १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती, अन्यथा गुठळी विरघळवणारे औषध, असा सर्वसाधारण दंडक आहे. हे आकडे वाचून वाटते की अडीच तास हे साडेचार तासांपेक्षा कमीच आहेत, मग चिंता कसली? पण साखळी नीट मांडून पाहू. पहाटे तीन वाजता आईचे तोंड वाकडे झाल्याचे लक्षात आले. ती झोपेत असताना हे कधी सुरू झाले ते कोणालाच माहीत नाही, म्हणजे घड्याळ ती शेवटची धडधाकट दिसली तेव्हापासून, रात्री झोपल्यापासूनच, चालू झालेले धरावे लागते. शहरातली एकमेव रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन निघालेली आहे. ती परत येते, आईला स्थानिक रुग्णालयात नेते. तिथे सीटी स्कॅनचे यंत्र आहे, परंतु ते चालवणारा तंत्रज्ञ दिवसपाळीचा आहे. मग पुढे पाठवण्याची चिठ्ठी, सोबतीला परिचारिका, प्राणवायूच्या नळकांड्याची सोय, आणि त्यानंतर ते अडीच तास. माझ्या पाहण्यातल्या अशा प्रसंगांत रस्त्यापेक्षा या हस्तांतरांतच वेळ अधिक गेला आहे.

म्हणून रुग्णालय आहे का, हा प्रश्न पुरेसा नाही. रात्री सीटी स्कॅन होतो का, त्याची प्रतिमा दूरच्या तज्ज्ञाला लगेच पाठवून त्याच्या सल्ल्याने औषध इथेच सुरू करण्याची व्यवस्था आहे का, रुग्णवाहिका किती आहेत, प्रसूती आणि शस्त्रक्रियेसाठी भूलतज्ज्ञ कायमचा आहे की आठवड्यातून दोन दिवस येणारा आहे, हे प्रश्न रुग्णालयाच्या स्वागतकक्षात न विचारता रात्रपाळीच्या परिचारिकेला विचारावेत. जिथे दूरस्थ सल्ल्याची पक्की सोय आहे ते अडीच तासांवरचे शहर, ती सोय नसलेल्या तासाभराच्या अंतरावरील शहरापेक्षा सुरक्षित असू शकते. ही बाब स्थळ न पाहता, केवळ नकाशावरून कधीच कळत नाही.

शहर अंतर्भागात असण्याचा परिणाम सर्वांत आधी हवेत जाणवतो. पाणी तापायला आणि निवायला फार वेळ घेते. सारख्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे पाचपट उष्णता लागते, शिवाय समुद्राचे पाणी ढवळले जात असल्याने ती उष्णता खोलवर पसरते. म्हणून किनाऱ्यावर दिवस आणि रात्र, उन्हाळा आणि हिवाळा यांत फरक कमी असतो आणि आत जावे तसा तो वाढत जातो. सायबेरियातील वेर्खोयान्स्क या छोट्या शहरात उणे ६७.८ अंश सेल्सिअसची नोंद आहे आणि २० जून २०२० रोजी तिथेच ३८ अंश तापमान नोंदवले गेले. हे अगदी टोकाचे उदाहरण झाले. पण किनाऱ्यावरून आत येणाऱ्याने तापमानाचा वार्षिक पल्ला रुंदावणार हे गृहीत धरूनच घर निवडावे. कोरड्या हवेत घाम पटकन वाळतो, त्यामुळे तेच तापमान दमट किनाऱ्यापेक्षा सुसह्य वाटते आणि रात्री खरोखर गार होतात, हा फायदा आहे. जाड भिंती, छताला उष्णतारोधक थर आणि पश्चिमेच्या बाजूला सावली यांवर केलेला खर्च अशा ठिकाणी व्यर्थ जात नाही.

समुद्री वादळाची लाट, खारा वारा, गंजणारे लोखंड, विहिरीत शिरणारे खारे पाणी यांतून सुटका होते. समुद्रसपाटीपासून दहा मीटरपेक्षा कमी उंचीच्या किनारपट्टीत जगातील सुमारे एक दशांश माणसे राहतात, आणि त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा आहे तो अंतर्भागातल्या माणसापुढे त्या रूपात नाही. पण आत गेले म्हणजे पूर टळला, असे मुळीच नाही. अंतर्भागातील शहरे बहुधा नदीकाठी किंवा दऱ्यांत वसलेली असतात, आणि डोंगरात पडलेला पाऊस तिथे काही तासांत पोचतो. दरीतल्या शहराची आणखी एक खोड असते : थंडीत रात्री जड, गार हवा तळाशी बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते, त्यामुळे धूर वर जातच नाही. वस्ती छोटी, कारखाने नाहीत, म्हणून हवा स्वच्छच असणार असे समजणाऱ्याने अशा शहराकडे थंडीतल्या एका पहाटे टेकडीवरून पाहावे. चुलींचा, शेकोट्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर घरांच्या छपरांच्या पातळीला सपाट थरासारखा तरंगत असतो आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. घरात दमेकरी असेल तर शहराचा आकार न बघता त्याचा भूगोल बघावा.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. छोट्या शहरांचा पाणीपुरवठा बरेचदा एकाच तलावावर किंवा भूजलावर चालतो. भूजल असेल तर क्षार, नायट्रेट आणि फ्लुओराइड यांची तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लुओराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. दुसरा स्रोत आहे का, हेही पाहावे.

पैशाच्या बाबतीत सर्वांना प्रथम दिसते ते स्वस्त घर. घर स्वस्त आहे याचा अर्थ तिथे ते घेणारे कमी आहेत, आणि हीच गोष्ट विकताना आपल्या विरोधात जाते. इटलीत सिसिलीच्या अंतर्भागातील सालेमी या गावाने, जिथली बरीच घरे १९६८ च्या भूकंपानंतर ओस पडली होती, २००८ मध्ये एक युरोला घर देण्याची कल्पना पुढे आणली आणि पुढे इतर अनेक गावांनी ती उचलली. ही बातमी वाचून लोकांना मोह पडतो. मला मात्र त्यातून एवढेच दिसते की घराची किंमत शून्याजवळ पोचू शकते आणि दुरुस्तीचा खर्च मात्र कमी होत नाही. मोठ्या शहरातले घर विकून छोट्या शहरात घेणे हा म्हणूनच बहुतांशी एका दिशेचा प्रवास असतो, कारण दहा वर्षांनी परतायचे ठरवले तर इथल्या घराच्या पैशात तिथे तसे घर येत नाही. उरलेल्या पैशातून वाहनांचा खर्चही वजा करावा, कारण सार्वजनिक वाहतूक विरळ असल्याने एका वाहनाच्या जागी दोन लागतात.

कामधंद्याचा मुद्दा याहून खोल आहे. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये दाखवून दिले की एकाच प्रकारचे व्यवसाय एकत्र आले की तिथे कुशल कामगारांना कायम मागणी असते आणि मालकांना कायम माणसे मिळतात. छोट्या शहरात हे घडत नाही. एखाद्या कौशल्याला तिथे एक-दोनच मालक असतात. लुईस बेटनकूर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अनेक देशांतील शहरांची आकडेवारी तपासली तेव्हा आढळले की शहर दुप्पट झाले की दरडोई उत्पन्न, पेटंट यांसारख्या गोष्टी साधारण १० ते १५ टक्क्यांनी वाढतात, आणि गंभीर गुन्हे व काही संसर्गजन्य रोगही त्याच रीतीने वाढतात. म्हणजे छोटे शहर निवडणारा माणूस संधीही कमी करून घेतो आणि जाचही. हा सौदा वाईट नाही, मात्र तो समजून-उमजून करावा.

दोघेही कमावते असतील तेव्हा अडचण दुणावते. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान यांनी २००० साली अमेरिकेतील १९४० ते १९९० या काळाचा अभ्यास करून दाखवले की जिथे पती-पत्नी दोघेही उच्चशिक्षित आहेत अशी जोडपी मोठ्या शहरांत अधिकाधिक एकवटत गेली, कारण दोघांना एकाच जागी मनाजोगते काम मिळण्याची शक्यता तिथे जास्त असते. या कुटुंबात पतीचे काम घरून चालते म्हणून अर्धा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो सुटलेला नाही, पुढे ढकललेला आहे. कंपनीने कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलावले किंवा ही नोकरीच गेली, तर दुसरी नोकरीही घरून करता येणारीच शोधावी लागेल. आणि पत्नीला त्या शहरात प्रयोगशाळा किती मिळतील? बहुधा एक रुग्णालयाची आणि एक खासगी. तिथे जागा रिकामी आहे का, हे घर पाहण्याच्या आधी कळायला हवे. नाहीतर दोघांच्या निर्णयाची किंमत एकट्या पत्नीला मोजावी लागते. अशी कुटुंबे मी बरीच पाहिली आहेत आणि परतलेल्यांमध्ये त्यांचे प्रमाण मोठे असते, हे माझे निरीक्षण आहे. इंटरनेटविषयी एकच सूचना. दोन कंपन्यांची जोडणी घेतली म्हणजे पर्याय मिळाला असे नव्हे, कारण दोघांच्याही फायबर तारा पुष्कळदा एकाच खांबांवरून किंवा एकाच चरातून शहरात येतात आणि एकाच खोदकामात तुटतात. दुसरी जोडणी मोबाइलची किंवा उपग्रहाची असावी.

संपूर्ण शहर एकाच उद्योगावर उभे असेल, तर जपानमधील युबारीची आठवण ठेवावी. होक्काइदो बेटाच्या अंतर्भागातील या कोळसाखाणींच्या शहरात १९६० च्या सुमारास १ लाख १६ हजारांहून अधिक माणसे होती. खाणी एकामागून एक बंद पडल्या, शेवटची १९९० मध्ये. नगरपालिकेने पर्यटनावर कर्ज काढून खर्च केला आणि २००७ मध्ये ती दिवाळखोर ठरली. आज तिथली वस्ती आठ हजारांच्याही खाली आहे. शाळा एकत्र करत करत एक प्राथमिक आणि एक माध्यमिक एवढीच उरली, आणि १७१ खाटांच्या रुग्णालयाचे १९ खाटांचे चिकित्सालय झाले. ग्राहक घटले की सेवा जाते आणि सेवा गेली की आणखी माणसे जातात, हे ख्रिस्टालर यांच्या सिद्धान्ताचेच उलटे टोक आहे. आपण निवडलेले शहर वाढते आहे की ओसरते आहे हे कळायला जनगणनेची वाट पाहण्याची गरज नाही. शाळेच्या पहिलीच्या वर्गातली आजची पटसंख्या आणि दहा वर्षांपूर्वीची पटसंख्या शेजारी-शेजारी लिहिली की पुरेसा अंदाज येतो.

माणसांविषयी बोलताना लोक दोन टोके गाठतात : कोणी छोट्या शहराच्या जिव्हाळ्याचे गोडवे गातो, कोणी त्याच्या चौकसपणाला नावे ठेवतो. दोन्ही गोष्टी एकाच कारणातून निघतात. मोठ्या शहरात डॉक्टर, शेजारी, शिक्षक, बँकेतला कर्मचारी ही वेगवेगळी माणसे असतात आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. छोट्या शहरात एकाच माणसाशी आपण तीन-चार नात्यांनी बांधलेले असतो. औषधाच्या दुकानात रांगेत उभे राहून आपण झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे करतो, दुकानदार नाव मोठ्याने वाचतो, आणि मागे उभी असलेली बाई मुलीची वर्गशिक्षिका असते. ती काहीच बोलत नाही, पण पुढच्या पालकसभेत ‘घरी सगळे ठीक आहे ना?’ असे आपुलकीने विचारते. या एका वाक्यात काळजी किती आणि चौकशी किती, हे ज्याला सुखाने पचवता येते त्याने अशा शहरात अवश्य राहावे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ च्या निबंधात महानगरातील अलिप्तपणा ही माणसाची ढाल आहे असे म्हटले होते, आणि जुन्या छोट्या शहराच्या चौकटीत आधुनिक माणसाचा श्वास कोंडेल असेही सुचवले होते. त्यात तथ्य आहे, विशेषतः ज्यांची जीवनशैली, श्रद्धा किंवा कुटुंबाची रचना चारचौघांपेक्षा वेगळी आहे त्यांच्यासाठी. त्यांना समविचारी माणसे मिळण्याइतकी संख्याच छोट्या शहरात नसते.

दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली तेव्हा ७०० हून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या, कोणाशी फारसा संबंध न उरलेल्या वृद्धांची संख्या मोठी होती. सकाळी दार उघडले नाही तर दुपारपर्यंत कोणीतरी ते ठोठावेल, ही खात्री आईसारख्या वयाच्या माणसासाठी मोलाची आहे, आणि महानगरात ती पैशाने सहजी मिळत नाही. मात्र ही खात्री आल्याआल्या मिळत नसते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले की नोकरीची माहिती जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येते, कारण ती आपल्या वर्तुळाबाहेरची असतात. नवख्या कुटुंबाकडे छोट्या शहरात ना जवळचे असतात ना तोंडओळखीचे, आणि तिथली वर्तुळे पिढ्यान्‌पिढ्यांची असल्याने त्यांत शिरायला कष्ट पडतात. वाचनालय, क्रीडासंघ, स्वयंसेवी काम यांपैकी एखाद्या ठिकाणी नियमाने जाण्याची तयारी नसेल, तर त्या कुटुंबाला चौकसपणाच वाट्याला येतो, जिव्हाळा येत नाही. तिथे कोणाशी बिनसले तर शहर बदलल्याशिवाय त्याला टाळता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

मुलांच्या बाबतीत आठ वर्षांच्या आणि तेरा वर्षांच्या मुलाचा विचार एकत्र करू नये. धाकट्यासाठी छोटे शहर बहुधा उत्तमच ठरते : एकट्याने सायकलवर फिरता येते, मित्र पायी अंतरावर असतात, मोकळा वेळ मिळतो. थोरल्याला आपली मित्रमंडळी सोडून, नेमक्या अडनिड्या वयात, वर्षानुवर्षे एकत्र शिकलेल्या वर्गात बसायचे आहे, आणि चार-पाच वर्षांनी उच्च शिक्षणासाठी पुन्हा बाहेर पडायचे आहे. त्याला छोट्या शहराचे फायदे मिळेपर्यंत त्याची निघायची वेळ झालेली असेल.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा वयाचा आहे. माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी पंचेचाळिसाव्या वर्षाच्या गरजा पाहून गाव निवडतो आणि तिथेच पंचाहत्तरीचा होतो. वाहन चालवणे थांबले की छोट्या शहरातले अंतर एका दिवसात कित्येक पटींनी वाढते. घर शहराच्या मध्यात, बाजार आणि दवाखाना चालत गाठता येईल असे असेल तर हा धोका बराच कमी होतो. शहराबाहेरच्या प्रशस्त प्लॉटवरचे टुमदार घर, ज्याची स्वप्ने बहुतेक सर्व नवे रहिवासी पाहतात, तो धोका दुप्पट करते.

आता या कुटुंबाला माझा सल्ला. आत्ताच्या मांडणीत, अडीच तासांवरचे शहर मी निवडणार नाही. अंतर्भागातली हवा, घर, धाकट्या मुलाचे बालपण आणि वाचणारा वेळ हे सगळे फायदे मोठ्या रुग्णालयापासून तासाभराच्या आत असलेल्या, तीस-चाळीस हजार वस्तीच्या एखाद्या प्रशासकीय केंद्रातही जवळपास तेवढेच मिळतील. तिथे पत्नीला कामाचे पर्याय दोनाऐवजी चार असतील आणि प्रसंगी मोठ्या शहरातली नोकरीही आठवड्यातून काही दिवस जाऊन करता येईल. घर थोडे महाग पडेल. तो फरक मी दुसरा पर्याय हाताशी असण्याची किंमत म्हणून आनंदाने मोजेन.

तरीही मन याच शहरात गुंतलेले असेल, तर सध्याचे घर विकू नये; ते भाड्याने द्यावे आणि तिकडे भाड्याचे घर घ्यावे. पाहणीला प्रसन्न हवामानात न जाता तिथल्या सर्वांत कठीण ऋतूत जावे आणि किमान काही आठवडे नेहमीचे काम, औषधे, खरेदी चालू ठेवून राहावे. तिथे सुखाने राहणाऱ्यांशी सगळेच बोलतात. गेल्या काही वर्षांत शहर सोडून गेलेल्या दोन-तीन कुटुंबांना गाठून ती का गेली हे विचारावे. आईची प्रकृती आणि रात्रीच्या उपचारांची व्यवस्था तिच्या सध्याच्या डॉक्टरांपुढे मांडून त्यांचे मत घ्यावे. आईचे स्वतःचे मत तर त्याहून आधी घ्यावे, कारण अशा बेतांत वडीलधाऱ्यांना बरेचदा शेवटीच सांगितले जाते. स्थलांतर शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस करावे, म्हणजे थोरल्याला मध्येच वर्ग बदलावा लागणार नाही. पत्नीने तिथल्या दोन्ही प्रयोगशाळांकडे अर्ज करण्याचे काम भाडेकरारावर सही करण्यापूर्वीच उरकावे, आणि वर्षभरात तिला मनासारखे काम मिळाले नाही तर परतायचे की जवळच्या दुसऱ्या शहराचा विचार करायचा, हे दोघांनी निघण्याआधीच ठरवून ठेवावे.